उलटा ढग

एमरी क्वायेस्तेवाला दुसऱ्याची चूक जितकी आवडायची, तितकं पिकलेलं कलिंगडही आवडत नसे. आमच्या शिपॉलोवीत, होपींच्या पठारावरच्या गावात, त्याच्या तोंडातून कोणी सुटलं नाही. शेजाऱ्याने घराला शहरातून आणलेलं नवं दार बसवलं, तर हा म्हणाला, "दार छान आहे. आता आत ठेवायला काहीतरी आणा." कोणाचा मका गुडघ्याएवढा राहिला की तो बांधावर थांबून विचारायचा, "सशांसाठी पेरलाय वाटतं? त्यांना हात पुरायला बरा." बहिणीच्या दाराबाहेरच्या दगडी कट्ट्यावर, दक्षिणेकडे तोंड करून तो बसायचा. मांडीवर फडकं, हातात चाकू, शेजारी वालुकाश्माचा तुकडा. लाकडाचे कपचे खाली पडत राहायचे आणि माणसांबद्दलचे शेरेही.

पण हात सोन्याचा होता, हे त्याला शिव्या घालणारेही कबूल करायचे. जुन्या पद्धतीची साधी तिहू करावी तर त्यानेच. तिहू म्हणजे ती बाहुली, जी नाचाच्या दिवशी कचिना, पाऊस घेऊन येणारे आमचे पूर्वज-आत्मे, गावात येऊन मुलींच्या हातात ठेवतात. ती कोणी कोरली हे आमच्यात कोणी विचारत नाही, सांगतही नाही. मुलगी ती घरी आणते, तिच्याशी खेळते, मग ती भिंतीवर दोरीने लटकते आणि घरावर नजर ठेवते. तिचे हात पोटाशी धरलेले, पाय आखूड, नजर सरळ. ती कॉटनवुड झाडाच्या मुळाचीच करायची. फांदीची नाही, खोडाची नाही. ते मूळ रेताडात पाण्याचा माग काढत काढत जातं, म्हणून ते आपल्या बाजूचं. आमच्या पठारावर ना नदी, ना विहीर. जे काही पिकतं ते ढगाच्या मर्जीने. म्हणून बाहुलीवरच्या एकेका रेघेला अर्थ असतो. पिवळा वायव्येचा, निळा-हिरवा नैर्ऋत्येचा, तांबडा आग्नेयेचा, पांढरा ईशान्येचा. आणि डोक्यावरच्या फळीवर पायऱ्यापायऱ्यांचा ढग, ढगाखाली पावसाच्या रेघा.

हे सगळं एमरीला त्याच्या मामाने शिकवलं होतं. आमच्यात मुलाला वळण लावायचं ते आईच्या भावाने. बाप लाड करतो, मामा कान पिळतो. सक्वेस्तेवामामा फार बोलणारा माणूस नव्हता. लाकूड नीट तासलं तर गप्प बसायचा, आणि चुकलं तर ते भाच्याच्या हातातून काढून घेऊन स्वतः करू लागायचा. त्याची स्तुती ती एवढीच, की तो हात पुढे करत नसे.

एमरी बावीस वर्षांचा असताना, एकोणीसशे अडतीस साली, पाऊस आलाच नाही. जून गेला, जुलै गेला. ढग यायचे, उत्तरेच्या डोंगरांवर बसायचे आणि तिथूनच परत फिरायचे. मक्याची पानं गुंडाळून सुतळीसारखी झाली. पठाराखाली रस्त्यालगत प्रॉक्टर नावाच्या गोऱ्याचं दुकान होतं. पीठ, कॉफी, घासलेट, घोंगड्या. तो बाहुल्या घेऊन बदल्यात पीठ देत असे. तेव्हा गावातले दोघे-चौघे विकायला कोरू लागले होते, एमरीही कोरू लागला. मामा एवढंच म्हणाला, "पोटासाठी आहे. विक. पण विकायचं म्हणून वाकडं कोरू नकोस."

प्रॉक्टरची एमरीला शिसारी यायची. पोट सुटलेलं, डोक्याला टक्कल, दात तंबाखूने पिवळे, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायची सवय. आगगाडीने आलेली गिऱ्हाइकं मोटारीत बसून यायची, त्यांची तर त्याहून. बायका बाहुली उलटीसुलटी करून बघायच्या, वास घ्यायच्या, "ही खरी आहे ना? जुनी आहे ना?" असं विचारायच्या. जुनीच हवी म्हणून प्रॉक्टर त्याला सांगायचा, "रंगवून झाली की कॉफीच्या पाण्यात फडकं बुडवून मानेखालून पुस. चुलीवर दोन दिवस टांग. धूर लागला पाहिजे." एमरी तसं करायचा आणि मनात म्हणायचा, कॉफी प्यायलेली बाहुली यांच्या दिवाणखान्यात उभी राहणार आणि हे चार लोकांना बोलावून दाखवणार. लायकीच ती.

मग एका दुपारी त्याला गंमत सुचली. मक्याच्या कुमारीची, एका कचिनाची, बाहुली होती. डोक्यावरच्या फळीवर त्याने ढग काढला तो उलटा. पायऱ्या खाली, आणि पावसाच्या रेघा ढगातून वर, आभाळाकडे निघालेल्या. आमच्याकडे चार वर्षांचं पोरही असा ढग काढणार नाही. पाऊस वर चढतोय! जिथे लोक एका थेंबासाठी मान वर करून उभे आहेत, तिथे हा पाऊस परत पाठवत होता.

प्रॉक्टरने बाहुली हातात घेतली, फळीवर बोट ठेवलं. "हे नवीन दिसतंय. याचा अर्थ काय?"

एमरीने चेहऱ्यावरची माशी हलू दिली नाही. "माणसांची प्रार्थना वर जाते," तो म्हणाला. "फार जुनं आहे. आता कोणाला आठवत नाही."

प्रॉक्टरने शिसपेन्सिल काढून ते कार्डावर लिहून घेतलं आणि कार्ड दोऱ्याने बाहुलीच्या गळ्यात बांधलं. त्या संध्याकाळी एमरीने घराच्या छपरावर बसून मित्रांना ते सगळं करून दाखवलं, पेन्सिल ओली करण्यासकट. ते हसून हसून आडवे पडले. आठवड्याने प्रॉक्टर म्हणाला, "ती वर जाणाऱ्या प्रार्थनेवाली आणखी कर. लोक विचारतात." त्या हिवाळ्यात एमरीने तसल्या बऱ्याच केल्या. दर वेळी हसू थोडं कमी यायचं, पण कंटाळा आला म्हणून तुच्छता काही कमी होत नाही.

सक्वेस्तेवामामा घासलेट आणायला गेला तेव्हा त्याने दुकानाच्या खिडकीत ती बाहुली पाहिली. तो घरी गेला नाही, सरळ शेतावर आला. एमरी वाळूचा बांध घालत होता.

"तो ढग तू काढलास?"

"गंमत केली, मामा. त्यांना काय कळतंय?"

"त्यांना नाही कळत. ढगाला कळतं."

"म्हणून पाऊस गेला की काय? पाऊस आधीच गेला होता," एमरी म्हणाला. उत्तर देण्यात तो कधीच मागे राहिला नाही.

मामाने घासलेटचा डबा खाली ठेवला. "पावसाचं मी बोलत नाही. तुझ्या हाताचं बोलतोय. ज्या माणसाला तू कस्पटासमान समजतोस, त्याच्यासाठी तू थुंकी कोरतोस. हात तेवढेच आहेत तुझ्याकडे. उद्या त्याच हातांनी कोणा पोरीसाठी काय कोरशील?"

एवढं बोलून तो गेला. शिक्षा काही केली नाही. फक्त त्यानंतर तो भाच्याशेजारी कोरायला कधी बसला नाही. एमरी आला की चाकू मिटून उठायचा. तीन वर्षांनी मामा वारला तेव्हाही ते तसंच राहिलं होतं. एमरीने पुन्हा कधी दुकानासाठी कोरलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "त्या टकल्याचं पीठ किडकं असायचं." खरं कारण त्याने स्वतःलासुद्धा कधी नीट सांगितलं नसावं.

पुढे त्याचं लग्न झालं, तो आमच्या रीतीप्रमाणे बायकोच्या घरी शेजारच्या गावात राहायला गेला. नुवामसी तिचं नाव. त्याच्या जिभेला लगाम घालणारी ती एकटीच. हा कोणावर सुरू झाला की ती पिकीच्या, मक्याच्या कागदासारख्या पातळ पोळीच्या, चळतीतली एक गुंडाळी त्याच्या तोंडात कोंबायची आणि म्हणायची, "चाव. तेवढा वेळ तरी गाव सुटेल." तिला छातीच्या दुखण्याने नेलं. मूलबाळ नव्हतं. घर तिच्या बहिणींचं, म्हणून एमरी दोन मेंढ्या आणि चाकू घेऊन आपल्या बहिणीकडे, तालामसीकडे परत आला. त्यानंतर त्याच्या तोंडाला कोणी धरबंध ठेवला नाही.

तालामसीचा मुलगा डेलविन कॅलिफोर्नियातल्या शाळेतून एकोणिसाव्या वर्षी घरी आला आणि एक दिवस फडक्यात काहीतरी गुंडाळून मामासमोर उभा राहिला.

"मामा, मी एक कोरून बघितली."

एमरीने बाहुली हातात धरली, उलटी केली, सुलटी केली. "हे डोकं आहे की बटाटा?"

"पहिलीच आहे."

"बटाटाही पहिलाच असतो. सोलून खाता तरी येतो." आणि त्याने ती शेगडीत टाकली. कॉटनवुड कोरडं असलं की भुरकन पेटतं. डेलविन ते जळेपर्यंत उभा राहिला आणि मग बाहेर गेला.

तालामसीने रश्शाचं भांडं आदळलं. "तू त्याचा मामा आहेस की वाटेवरचा माणूस? तू नाही शिकवणार तर कोण शिकवणार?"

"ज्याला डोळे आहेत तो बघून शिकतो."

"तुझ्याकडे बघून काय शिकणार? तोंड वाकडं करायला?"

डेलविन शिकला. मामाकडून नाही, पुस्तकांतून. शहरातल्या वाचनालयात बसून त्याने चित्रं उतरवून काढली. मग वीज आल्यावर विजेवर फिरणारं कोरायचं यंत्र आणलं. दाताचा डॉक्टर आला की काय, असं वाटणारा त्याचा आवाज दिवसभर घरातून यायचा. त्याच्या बाहुल्या उडी घेत होत्या, वळत होत्या, बोटांना नखं होती, पिसांचा एकेक तंतू लाकडातच कोरलेला. खाली पॉलिश केलेला पाट, पाटाखाली सही. त्या बाहेर विकल्या जायच्या, मासिकांत छापून यायच्या.

एमरीला तर पर्वणीच. "पायाखाली पाट कशाला रे? बस यायची आहे का हिची?"

"उभी राहायला, मामा."

"तिहू लटकते. उभं राहतं ते फर्निचर."

"लोकांना उभी हवी असते."

"लोकांना शंभर गोष्टी हव्या असतात. सही कशाला? मुलगी काय तुला पावती मागते?"

डेलविन हसून घ्यायचा. तो आईवर गेला होता. पण दर वेळी हसताना त्याच्या गालाचं हाड थोडं वर यायचं, हे एमरी बघत होता आणि बघून न बघितल्यासारखं करत होता.

एकोणऐंशी सालच्या जूनमध्ये फ्लॅगस्टाफच्या एका मोठ्या हॉटेलात कोरीव बाहुल्यांची स्पर्धा भरली. डेलविनने मामाला गाडीत घातलं. का, ते त्यालाच ठाऊक. कदाचित एकदा तरी त्याला दाखवायचं होतं. एमरी का गेला, हे मात्र गावाला ठाऊक होतं. एवढं शेण एका ठिकाणी बघायला मिळणार, तर तो कसा सोडेल?

दिवाणखान्यात झुंबरं होती. बायकांच्या एकेका बोटात दोन-दोन फिरोजाच्या अंगठ्या. हातात पेले घेतलेली माणसं बाहुल्यांसमोर मान तिरकी करून उभी राहत, जणू मान सरळ ठेवली तर कला दिसत नाही. एका उंच गृहस्थाने एमरीला वाकून विचारलं, "माफ करा, तुम्ही खरे होपी का?"

"आज सकाळपर्यंत होतो," एमरी म्हणाला आणि पुढे गेला.

तो टेबलांमागून टेबलं नाकाने हुंगत चालला. ही सशाच्या कातड्यात गुंडाळलेली, हिचं तोंड शहरातल्या बाहुलीसारखं, या शहाण्याला मक्याचं कणीस कुठल्या हातात ते माहीत नाही. शेवटी निळी फीत लावलेल्या टेबलाजवळ गर्दी होती. पहिलं बक्षीस. डेलविनची मक्याची कुमारी.

गर्दी बाजूला झाल्यावर एमरीने ती पाहिली. आधी त्याला राग आला, कारण ती चांगली होती. वळतानाचा तिच्या गुडघ्याचा किंचित झोल, शालीची घडी, पायातल्या बुटाचा मऊपणा. बटाट्याचा मागमूस नव्हता. विजेच्या यंत्राने हे होत नाही, हे कोरणाऱ्याला कळतं. असं काहीतरी त्याच्या तोंडात आलंही असेल. मग त्याची नजर डोक्यावरच्या फळीवर गेली.

पायऱ्या खाली. रेघा वर.

पाटाजवळ छापील कार्ड होतं. त्यावर लिहिलं होतं: माणसांची प्रार्थना वर जाते. प्राचीन, आज जवळजवळ विसरलेलं चिन्ह.

एमरीने डेलविनचं मनगट धरलं. "हे कुठून आणलंस?"

"पुस्तकातून." डेलविनच्या आवाजात बारा वर्षांचं साठलेलं थोडं बाहेर आलं. "फार जुनी पद्धत आहे, मामा. तुम्हाला ठाऊक नसेल."

"कुठलं पुस्तक?"

"सगळ्याच पुस्तकांत आहे. मूळ बाहुली ती काय, त्या कोपऱ्यात. शंभर वर्षांची आहे."

कोपऱ्यात काचेचं कपाट होतं, त्याला आतून दिवा. एमरी जवळ गेला. कॉफीचे ओघळ मानेपासून पोटापर्यंत आलेले. डावं पाऊल उजव्यापेक्षा आखूड, कारण त्या हिवाळ्यात एकदा हसता हसता चाकू सटकला होता. एक्केचाळीस वर्षांत रंग मळला होता, पण ढग स्वच्छ दिसत होता, नीट उलटा.

कपाटाच्या मालकीणबाई, विटकॉम नावाच्या, तिथेच उभ्या होत्या. पांढरे केस, गळ्यात कवड्यांची जड माळ. म्हातारा इतका वेळ टक लावून बघतोय म्हणून त्या गहिवरून पुढे आल्या. "सुंदर आहे ना? अठराशे ऐंशीच्या आसपासची. कोणी केली, नाव ठाऊक नाही."

"मी केली," एमरी म्हणाला.

बाई समजूतदारपणे हसल्या. "तुमच्या आजोबांनी केली असेल."

"माझ्या आजोबांना अक्कल होती."

मागे दोन फोटोवाले आले होते. जुना होपी आणि जुनी बाहुली, असं चित्र आयतंच जुळून येत होतं. एमरीने शांतपणे विचारलं, "जरा हातात देता?" बाईंनी फोटोवाल्यांकडे पाहिलं आणि किल्ली काढली.

बाहुली हातात आल्यावर त्याने ती क्षणभर तोलली. मग अंगठ्यावर थुंकला आणि फळीवरचा ढग पुसू लागला. त्या साली त्याने स्वस्तातले पाण्याचे रंग वापरले होते, खाली पांढऱ्या मातीचा हात. ओल लागताच काळ्या रेघा विरघळल्या. पुन्हा थुंकला, पुन्हा घासलं. फळीवर एक राखाडी डाग उरला.

बाईंची किंकाळी पार स्वयंपाकघरापर्यंत गेली असेल. दोन दांडगट माणसांनी एमरीला दंडांना धरलं. तो म्हणाला, "धरा. पळून कुठे जाणार? ऐका तेवढं. हा ढग मी काढला होता. अडतीस साली, तुमच्यासारख्यांना मूर्ख बनवायला. पाऊस वर जात नाही. कुठेच जात नाही. तुम्ही एक्केचाळीस वर्षं माझी थुंकी काचेत ठेवलीत, दिवा लावून."

मग मागच्या बाजूला कोणीतरी टाळ्या वाजवल्या. हा कार्यक्रमाचाच भाग आहे, असं त्याला वाटलं असणार. आणखी दोघांनी त्याच्या टाळीत टाळी मिळवली.

बाईंनी पोलिसांचं नाव काढलं. एमरी म्हणाला, "बोलवा. त्यांच्यासमोर सांगतो, कॉफी कुठल्या डब्यातली होती." बाईंच्या शेजारचा चष्मेवाला त्यांच्या कानाला लागला. बाईंचा चेहरा उतरला. पोलीस काही आले नाहीत. एमरीला दाराबाहेर काढण्यात आलं, आणि तो उन्हात गाडीला टेकून डेलविनची वाट बघत राहिला.

डेलविन तासाने आला. बाहुली खोक्यात होती. परीक्षकांनी त्याला सांगितलं होतं, तुझा दोष नाही, बक्षीस तुझंच. फीत त्याने सदऱ्याच्या खिशात घातली होती, तिचं टोक बाहेर आलं होतं. गाडी शहराबाहेर पडून वाळवंटाला लागली.

"खरंच तुम्ही केली होती?" डेलविनने विचारलं.

"हो."

"गंमत म्हणून?"

"हो."

"आणि ते वाक्य? प्रार्थना वर जाते ते?"

"तेही माझंच."

डेलविनने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. तो मोठ्याने बोलणारा माणूस नव्हता, पण त्या दिवशी बोलला. "मी घरात होतो, मामा. बारा वर्षं. तुम्ही दाराबाहेर बसायचात, मी आत. दहा पावलं. एकदा तरी सांगायचं, ढग असा काढतात. मी चुकीचा काढला तर थोबाडीत मारायची होतीत. तुम्ही बटाटा म्हणालात. मग मी पुस्तकाला विचारलं, आणि पुस्तकात तुम्हीच बसला होता, खोटं सांगायला!"

बाहेर एक मालमोटार गेली, गाडी हलली.

"अशा किती केल्यास?" एमरीने विचारलं.

"चार गेल्या. आणि एक घरी आहे." डेलविन समोर बघत म्हणाला. "पिठाच्या पिशवीत गुंडाळून फळीवर ठेवलीय. जुलैसाठी."

जुलैत गावात शेवटचा मोठा नाच होतो आणि त्यानंतर कचिना आपल्या डोंगरांकडे परत जातात. त्या दिवशी मुलींना बाहुल्या मिळतात. डेलविनच्या बहिणीची, वेल्माची मुलगी त्या वर्षी चार वर्षांची होती. कोणती बाहुली कोणत्या मुलीची हे बोलायचं नसतं, म्हणून दोघेही ते बोलले नाहीत. सक्वेस्तेवामामाचे शेतावरचे शब्द एमरीला त्या वेळी आठवले असतील, तर त्याचं काय झालं असेल ते त्यालाच ठाऊक. तो फक्त म्हणाला, "गाडी चालव. रस्ता कसला बघतोयस? रस्ता जागेवरच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं मक्याच्या शेतावर खाली गेल्यावर दोघे मागच्या खोलीत बसले. एमरीने पिशवी उघडली. बाहुलीला पाट नव्हता, सही नव्हती. हात पोटाशी. डेलविनला काय विकायचं आणि काय द्यायचं यातला फरक कोणी न सांगता कळला होता. फक्त ढग उलटा होता.

एमरीने वालुकाश्म त्याच्या हातात दिला. "घास. तुझ्या त्या दातवाल्या यंत्राने नको. हाताने."

डेलविनने घासलं. मग पांढरी माती कालवली, लावली, सुकू दिली. एमरीने आपली कुंचली पुढे केली, तिचं टोक चावून मऊ केलेलं. "वरची पायरी आधी. मग खाली ये. ढग वर बसतो, तो कोणाच्या पायाखाली नसतो. आता रेघा. थांबू नकोस, थरथरला हात तर पाऊस अडखळेल. खाली, खाली... हां. पिवळ्याने सुरू कर. मग निळा. तांबडा अजून नाही! घाई कसली आहे? आगगाडी सुटतेय?"

फळी पूर्ण झाली. डेलविन मागे सरकून बघत राहिला. "एवढंच होतं?"

"एवढंच नाही. पुष्कळ आहे. बस खाली."

डेलविन दुपारपर्यंत बसला. दुसऱ्या दिवशीही. तालामसीने आत येऊन दोघांना एकाच फडक्यावर कपचे पाडताना पाहिलं आणि रश्शाच्या दोन वाट्या ठेवून गेली. मग बाहेर जाऊन तिने शेजारणीला सांगितलं, "आता यंत्राचा आवाज परवडला. दिवसभर शिव्या ऐकतेय."

कारण एमरीची जीभ काही सुधारली नाही. तो शिकवायचा तो शिव्यांतूनच. फरक एवढा की आता डेलविनही उलट बोलू लागला. "ही रेघ वाकडी आहे," मामा म्हणाला तर भाचा म्हणे, "तुमच्यासारखी वर तर जात नाही ना?" आणि एमरीला गप्प बसावं लागे.

चार विकलेल्या बाहुल्यांच्या मालकांना डेलविनने पत्रं लिहिली. बाहुली परत पाठवा, ढग दुरुस्त करून देतो. तिघांनी उत्तर दिलं नाही. चौथीने सुगंधी कागदावर लिहिलं की तिला वर जाणारी प्रार्थनाच जास्त भावते, आणि तिच्या पलंगासमोर ती छान दिसते. एमरीने ते पत्र भाच्याकडून दोनदा वाचून घेतलं. पुढे विटकॉमबाईंचीही बातमी आली. त्यांनी डाग पडलेली बाहुली विकली. कार्डावर नवा मजकूर होता: मूळ कलाकाराने स्वहस्ते पुसलेला ढग, अशी दुसरी कुठेही नाही. विकत घेणारे रांगेत होते म्हणे.

"आता थुंकीसकट विकली," एमरी म्हणाला. "या लोकांना काही पचत नाही असं नाहीच."

त्यानंतर तो आठ वर्षं जगला. उलटे ढग अजून दुकानांत मिळतात. कोणी ना कोणी पुस्तक उघडून ते उतरवत असतो. डेलविनने दोनतीन जणांना समजावून पाहिलं, ते त्याला म्हणाले, तुला जुनं काय माहीत?

दर ऑक्टोबरमध्ये दोघे लांबच्या नदीच्या कोरड्या पात्रात मुळं शोधायला जायचे. वरच्या अंगाला धरणं झाल्यापासून पूर येत नाहीत आणि वाहून आलेली मुळं मिळणं मुश्किल झालंय. शेवटच्या वर्षी एमरीला चालवत नव्हतं. तो काठावर गाडीच्या पायरीवर बसून ओरडत राहिला: तिकडे काय बघतोस, इकडे बघ, अरे ती फांदी आहे, तुला मूळ आणि फांदी कळत नाही? डेलविन पात्रात वाकून वाळू उकरत होता. बऱ्याच वेळाने तो हाताएवढं जाड, सरळ, हलकं मूळ घेऊन वर आला आणि मामाच्या मांडीवर ठेवलं. एमरीने ते नखाने ठोकलं, कानाला लावलं, टोकाला जीभ लावून बघितली. मग चाकू काढला, साल थोडी सोलली आणि ते मूळ तसंच डेलविनला परत दिलं.

"तू कर," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.